माशांची साक्ष

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुन्तल’ नाटकाच्या सहाव्या अंकाच्या आरंभी शक्रावतारात राहणाऱ्या एका गरीब धीवराला नगररक्षक हात बांधून घेऊन येतात. राजाचे नाव कोरलेली मुद्रिका तुझ्याजवळ आली कशी, हा त्यांचा प्रश्न असतो. आणि रोहित माशाचे पोट चिरले तेव्हा ती आत सापडली, हे त्याचे सरळ उत्तर कोणालाही खरे वाटत नाही. पुढे ती मुद्रिका राजाच्या हाती जाते आणि त्याला विसरलेले सारे आठवते. दुष्यंताची विस्मृती दूर झाली ती कोणा पंडिताच्या उपदेशाने नव्हे, तर माशाच्या पोटातून निघालेल्या एका वस्तूने, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

विसाव्या शतकातही अशीच एक विस्मृती घडली. जी गोष्ट शास्त्रज्ञांनी शोधली होती, छापली होती, ती उद्योगाने व शासनाने पन्नास वर्षे दृष्टीआड केली. आणि तिचे स्मरण पुन्हा करून दिले ते नदीतल्या आणि समुद्रातल्या माशांनी. ती गोष्ट म्हणजे प्लॅस्टिकमधून झिरपणाऱ्या रसायनांचे सजीवांवर होणारे परिणाम. प्लॅस्टिकचा इतिहास बहुधा कारखान्याच्या बाजूने लिहिला जातो. त्यात संशोधकांचे कौतुक असते, उत्पादनाचे वाढते आकडे असतात, आणि अखेरीस कचऱ्याविषयी चार खेदाचे शब्द असतात. ह्या लेखात तो इतिहास माशांच्या बाजूने सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्लॅस्टिक जन्माला आले ते प्राण्यांच्या जिवावर उठण्यासाठी नव्हे. एकोणिसाव्या शतकात बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे होत आणि उंची कंगवे कासवाच्या पाठीच्या कवचाचे. हस्तिदंत महाग झाले तेव्हा त्याला पर्याय शोधण्यासाठी अमेरिकेत बक्षीस लावण्यात आले आणि त्या खटपटीतून जॉन वेस्ली हायट याने १८६९ च्या सुमारास सेल्युलॉइड सिद्ध केले. त्या काळी ह्या नव्या पदार्थाची स्तुती करताना, आता हत्ती व कासव यांचे प्राण वाचतील असे सांगितले जाई. पुढे १९०७ साली बेल्जियममध्ये जन्मलेल्या लिओ बेकलंड याने फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगातून बेकेलाइट बनविले. निसर्गातील कोणत्याही तयार पदार्थाचा आधार न घेतलेले ते पहिले प्लॅस्टिक. दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या पदार्थांचा पूर आला. १९५० साली जगात सुमारे वीस लाख टन प्लॅस्टिक निर्माण झाले. २०१५ साली तोच आकडा सुमारे अडतीस कोटी टनांवर गेला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण पुढील सर्व इतिहास तीवर उभा आहे. प्लॅस्टिक हे एक द्रव्य नव्हे. ज्या लांबलचक साखळ्यांनी ते बनलेले असते त्या साखळ्या सहसा निरुपद्रवी असतात. माशाच्या पोटात त्या विरघळत नाहीत की पचत नाहीत. परंतु त्या साखळ्यांच्या मधून मधून लहान रेणू पेरलेले असतात. कोणी पदार्थाला मऊपणा देतो, कोणी उन्हापासून राखतो, कोणी आगीस आवर घालतो, कोणी रंग देतो. कणकेत मोहन घालावे तसा हा प्रकार आहे. मोहनाने कणीक मऊ होते, पण ते तिच्याशी रासायनिक बंधनाने जोडलेले नसते. पोळी कागदावर ठेवली की कागदाला तेल लागते. मऊ पीव्हीसीमध्ये थॅलेट नावाची द्रव्ये कित्येकदा वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी असतात आणि ती अशीच हळूहळू बाहेर पडतात. शिवाय ज्या मूळ रेणूंपासून साखळी गुंफली त्यांतले काही न गुंफलेले तसेच उरतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत प्लॅस्टिकशी संबंधित अशा सोळा हजारांहून अधिक रसायनांची मोजदाद करण्यात आली, आणि त्यांतली चार हजार दोनशेहून अधिक चिंताजनक ठरविण्यात आली. मासा प्लॅस्टिक गिळतो ही अर्धीच हकीगत. त्याने ते गिळले नाही तरी ज्या पाण्यात तो श्वास घेतो त्यात हे रेणू उतरलेले असतात.

ह्या सोळा हजारांतल्या एकाची कुंडली आम्ही थोडी तपशिलाने मांडतो. १८९१ साली अलेक्सांद्र दियानिन ह्या रशियन रसायनज्ञाने फिनॉलचे दोन रेणू व अॅसिटोनचा एक रेणू यांचा संयोग करून एक पांढरे स्फटिकी द्रव्य मिळविले. त्यालाच पुढे बिस्फिनॉल-ए हे नाव पडले. चाळीसएक वर्षे ते प्रयोगशाळेच्या फडताळात पडून होते. त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेले ते प्लॅस्टिकसाठी नव्हे, तर औषधासाठी. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयाशी संलग्न संस्थेत एडवर्ड चार्ल्स डॉड्स हे स्त्री-संप्रेरकाला स्वस्त कृत्रिम पर्याय शोधीत होते. अंडाशय काढून टाकलेल्या उंदरिणींना निरनिराळी द्रव्ये टोचून, कोणत्या द्रव्याने त्यांच्या शरीरात ऋतुकालाची लक्षणे प्रकट होतात हे ते पाहत. १९३६ साली त्यांनी व विल्फ्रिड लॉसन यांनी जाहीर केले की, बिस्फिनॉल-ए हे द्रव्य रचनेने नैसर्गिक संप्रेरकाहून वेगळे असूनही त्याच्यासारखे वागते. १९३८ साली त्यांच्या हाती याहून पुष्कळच प्रभावी असे डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल लागले आणि दुबळे बिस्फिनॉल मागे पडले. त्या प्रभावी औषधाची पुढची कहाणी करुण आहे. गर्भ टिकावा म्हणून ते लक्षावधी स्त्रियांना देण्यात आले, आणि त्या मातांच्या मुलींमध्ये एक दुर्मिळ कर्करोग आढळला तेव्हा, १९७१ साली, गर्भवतींना ते देऊ नये असा इशारा अमेरिकेत देण्यात आला.

औषध म्हणून नाकारलेले बिस्फिनॉल-ए मात्र दुसऱ्या दाराने घरात आले. १९५३ साली जर्मनीत हेर्मान श्नेल आणि काही दिवसांच्या अंतराने अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी त्याच्यापासून काचेसारखे पारदर्शक आणि पोलादासारखे चिवट पॉलिकार्बोनेट बनविले. त्याच्याच इपॉक्सी राळेचा लेप खाद्यपदार्थांच्या पत्र्याच्या डब्यांना आतून बसू लागला. सतरा वर्षांपूर्वी जे द्रव्य संप्रेरक म्हणून तपासले गेले होते ते आता दूध पिण्याच्या बाटलीचे द्रव्य झाले. औषध तपासणारे एका खोलीत बसत आणि पदार्थ घडविणारे दुसऱ्या; मधल्या भिंतीला दार नव्हते. दुष्यंताच्या विस्मृतीला दुर्वासाचा शाप कारण होता. ह्या विस्मृतीला शाप नव्हता, केवळ सोय होती.

माशांची पहिली साक्ष नोंदली गेली ती स्वीडनमध्ये. १९६४ पासून सोरेन येन्सन हे रसायनज्ञ तेथील प्राण्यांच्या शरीरातील डीडीटीचे प्रमाण मोजीत होते. त्यांच्या उपकरणाच्या आलेखावर डीडीटीखेरीज काही अनोळखी टोके पुन्हा पुन्हा उमटत. पाइक माशांत ती होती, समुद्रगरुडात होती. संग्रहालयात जपून ठेवलेली गरुडांची जुनी पिसे त्यांनी काढून तपासली, तेव्हा हे द्रव्य १९४४ सालच्या पिसांतही निघाले. म्हणजे डीडीटीच्या सार्वत्रिक वापरापूर्वीपासून ते तेथे होते. दोन वर्षांच्या शोधानंतर, १९६६ साली, त्यांनी त्याची ओळख पटविली. ते पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, संक्षेपाने पीसीबी, होते. १९२९ पासून कारखान्यांत तयार होणारे हे तेल विजेच्या ट्रान्सफॉर्मरांत तर होतेच, पण रंगांत आणि प्लॅस्टिकला मऊ करण्यासाठीही ते मिसळले जाई. येन्सन यांनी स्वतःचे, पत्नीचे आणि आपल्या तान्ह्या मुलीचे केस तपासले, तेव्हा त्यांतही ते सापडले. माशांपासून आरंभलेला शोध पाळण्यापर्यंत येऊन पोहोचला.

दुसरी साक्ष अटलांटिकच्या पलीकडली. १९७१ साली एडवर्ड कार्पेंटर हे अमेरिकेच्या वुड्स होल येथील संशोधक सारगासो समुद्रात तरंगते शेवाळ गोळा करीत होते. त्यांच्या बारीक जाळ्यात शेवाळाबरोबर प्लॅस्टिकचे तुकडे येऊ लागले. हिशेब केला तो चौरस किलोमीटरमागे सरासरी साडेतीन हजार तुकडे भरले. मार्च १९७२ मध्ये ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसरा लेख आला आणि आमच्या विषयाला तो अधिक जवळचा आहे. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यालगत पॉलिस्टायरीनचे राईएवढे मणी विपुल आढळत होते. त्यांत दहा लाख भागांत पाच भाग इतके पीसीबी होते, आणि ते भोवतालच्या पाण्यातून त्यांनी शोषून घेतले असावे असे दिसत होते. तपासलेल्या माशांच्या चौदा जातींपैकी आठ जातींच्या पोटांत हे मणी निघाले, आणि तेही केवळ पांढरे; पारदर्शक मणी माशांनी टाकून दिले होते. पांढरा मणी त्यांना भक्ष्यासारखा वाटला असेल. म्हणजे प्लॅस्टिक पाण्यात जाते, विष गोळा करते, आणि मासे ते निवडून खातात, ही तीन पदरी हकीगत १९७२ सालीच छापून झाली होती. तरीही ह्या बारीक कणांना ‘मायक्रोप्लॅस्टिक’ हे आजचे रूढ नाव प्रचारात येण्यास २००४ साल उजाडावे लागले.

आता आम्ही वाचकांस इंग्लंडमधील ली नदीकाठी नेतो. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या उत्तरेस, सांडपाणी शुद्ध करून जेथे ह्या नदीत सोडले जाते त्या परिसरात, रोच जातीच्या माशांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. रोच हा आपल्या रोहू-कटल्यांच्याच विस्तृत कुळातील मासा. त्यांतल्या काही नरांच्या वृषणांत अंडपेशी वाढत होत्या. काही माशांत जन्मतःच नरमादीपण एकत्र असते. परंतु रोच हा त्यांतला नव्हे. त्या काळी ही माहिती सरकारी अहवालांच्या बाहेर फारशी गेली नाही.

१९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ह्या गोष्टीचा छडा लावण्यासाठी एक साधा, पण कल्पक प्रयोग करण्यात आला. तो समजण्यासाठी व्हिटेलोजेनिन हे एक नाव लक्षात ठेवावे लागेल. अंड्यातील बलक ज्यापासून बनते ते हे प्रथिन. मादीच्या अंडाशयातून स्त्री-संप्रेरक निघते, ते रक्तातून यकृताला निरोप पोहोचविते, यकृत हे प्रथिन घडविते आणि रक्ताच्या मार्गाने ते अंड्यांत जाऊन साठते. नराच्या यकृतातही हे प्रथिन घडविण्याची शक्ती असते. परंतु त्याच्या शरीरात निरोप धाडणाराच कोणी नसल्याने ती निजलेली राहते. म्हणून नराच्या रक्तात व्हिटेलोजेनिन सापडले तर एकच अर्थ होतो: बाहेरून कोणीतरी खोटा निरोप धाडला आहे. ब्रुनेल विद्यापीठाचे जॉन सम्प्टर आणि मत्स्यखात्यातील त्यांचे सहकारी यांनी ट्राउट मासे पिंजऱ्यांत घालून इंग्लंडमधील अनेक शुद्धीकरण केंद्रांच्या मुखाशी काही आठवडे ठेवले. माशांच्या रक्तातील व्हिटेलोजेनिन ठिकाणपरत्वे पाचशे पटींपासून एक लाख पटींपर्यंत वाढले. १९९४ साली हा वृत्तांत छापून प्रसिद्ध झाला. हे नुसते रक्तातले एक चिन्ह नव्हे. नको असलेल्या ह्या प्रथिनाचा भार नराच्या यकृतावर व मूत्रपिंडावर पडतो आणि ती इंद्रिये त्याने बिघडू शकतात.

निरोप खोटा होता हे ठरले. तो धाडला कोणी? ह्या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा नदीपासून दूर, बोस्टनच्या एका प्रयोगशाळेत होता. १९८७ च्या सुमारास आना सोतो व कार्लोस सोनेनशाइन हे दोघे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करीत होते. स्त्री-संप्रेरक दिल्याविना ज्या पेशी वाढत नसत त्या एकाएकी काही न देताच वाढू लागल्या. कित्येक महिने शोध घेतल्यावर दोष निघाला तो ज्या प्लॅस्टिकच्या नळ्यांत ते द्रव ठेवीत त्या नळ्यांचा. प्लॅस्टिक लवकर तडकू नये म्हणून कारखान्याने मिश्रण बदलले होते; त्यात काय घातले हे व्यापारी गुपित म्हणून सांगण्यास त्याने नकार दिला. तेव्हा त्या दोघांनी स्वतःच नळ्यांचे पृथक्करण करून द्रव्य शोधले. ते नॉनिलफिनॉल होते. हा वृत्तांत १९९१ साली प्रसिद्ध झाला. १९९३ साली स्टॅनफर्ड येथे अरुणा कृष्णन, डेव्हिड फेल्डमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, पॉलिकार्बोनेटच्या चंबूत पाणी घालून ते दाबाच्या वाफेने तापविले असता त्यातून बिस्फिनॉल-ए पाण्यात उतरते आणि संप्रेरकाचे काम करते. डॉड्स यांचा सत्तावन्न वर्षांपूर्वीचा शोध असा दुसऱ्यांदा लागला.

नॉनिलफिनॉल हे प्लॅस्टिकमध्ये असते, आणि औद्योगिक धुलाईच्या द्रव्यांचे विघटन होऊनही ते पाण्यात येते. सुझन जॉबलिंग व सम्प्टर यांनी १९९३ साली ट्राउटच्या यकृतपेशींवर त्याचा प्रयोग केला आणि नदीतल्या माशांना मिळालेला खोटा निरोप ते धाडू शकते हे सिद्ध केले. पुढे जिवंत ट्राउट नरांना अशा द्रव्यांच्या पाण्यात ठेवले असता त्यांच्या वृषणांची वाढ खुंटते असेही दिसले. यॉर्कशरमधील एअर नदीच्या काठी लोकर धुणाऱ्या गिरण्या होत्या. तेथील पाण्यात नॉनिलफिनॉल विपुल होते आणि माशांवरचा परिणामही तेथे तीव्र होता. १९९८ साली जॉबलिंग यांनी ब्रिटनमधील अनेक नद्यांच्या रोच माशांची पाहणी प्रसिद्ध केली. सांडपाण्याच्या खालच्या अंगाला काही ठिकाणी तपासलेल्या प्रत्येक नरात स्त्रीत्वाची कमीअधिक चिन्हे आढळली.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. त्याच वर्षी सांडपाण्याचे जे सूक्ष्म पृथक्करण झाले त्यात असे दिसून आले की, बहुतेक इंग्लिश नद्यांत मुख्य अपराधी प्लॅस्टिकचे रेणू नव्हते; मनुष्याच्या शरीरातून बाहेर पडणारी नैसर्गिक संप्रेरके आणि गर्भनिरोधक गोळीतील कृत्रिम संप्रेरक ही तेथे प्रमुख होती. एअरसारख्या काही ठिकाणीच नॉनिलफिनॉलकडे मोठा वाटा जातो. ह्यावरून प्लॅस्टिकच्या रसायनांना निर्दोष ठरविण्याची घाई काहींनी केली. आमच्या मते ह्यातून निघणारा अर्थ वेगळा आहे. माशाच्या यकृताला निरोप कोणाकडून आला हे कळत नाही. गोळीतले, गिरणीतले आणि बाटलीतले रेणू त्याच्या दारी एकच भाषा बोलतात, आणि त्यांचे थोडे थोडे बोलणे मिळून मोठे होते. म्हणून प्रत्येक रेणूला स्वतंत्रपणे कोर्टात उभे करून, तुझा एकट्याचा अपराध किती, असे विचारणारा न्याय ह्या खटल्यास अपुरा पडतो.

नरांत चार अंडपेशी निघाल्या तर बिघडले कोठे, असेही विचारले गेले. त्याचे उत्तर कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातील एका लहानशा सरोवराने दिले. कॅरन किड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ ह्या तीन उन्हाळ्यांत त्या सरोवरात गोळीतील संप्रेरक अत्यल्प प्रमाणात, लिटरमागे ग्रॅमच्या अब्जांशाचे पाचसहा भाग इतकेच, सोडले. फॅटहेड मिनो नावाच्या लहान माशांतले नर स्त्रीत्वाकडे झुकले, आणि थोड्याच वर्षांत ती जात त्या सरोवरातून जवळजवळ नाहीशी झाली. मासे मरून पाण्यावर तरंगले नाहीत. ते जन्मलेच नाहीत. विषाची आपली कल्पना मरणाशी जोडलेली आहे. येथे विष होते ते न जन्मण्याचे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

गिळलेल्या प्लॅस्टिकविषयीचा पुरावा ह्यानंतर येऊ लागला. २०१३ साली चेल्सी रोशमन यांनी भातशेतीच्या पाण्यात राहणाऱ्या जपानी मेदाका माशांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पॉलिएथिलीनचे कण तीन महिने सॅन डिएगोच्या खाडीत बुडवून ठेवले आणि मग ते अन्नात मिसळून दोन महिने माशांना चारले. त्यांच्यापैकी शेकडा ७४ माशांच्या यकृतातील ग्लायकोजेनचा साठा गंभीरपणे घटला होता; कोरे, खाडीत न बुडविलेले प्लॅस्टिक खाणाऱ्यांत हे प्रमाण ४६ होते; आणि ज्यांना प्लॅस्टिक दिले नव्हते त्यांच्यात शून्य. हा मधला आकडा विशेष बोलका आहे: खाडीतले विष चिकटलेले नसतानाही केवळ कोऱ्या प्लॅस्टिकने हानी केली. ह्या प्रयोगात प्लॅस्टिकचे प्रमाण निसर्गात आढळते त्याहून अधिक होते, असा आक्षेप आहे. समुद्रातील माशाला असली विषे प्लॅस्टिकपेक्षा पाण्यातून व नेहमीच्या भक्ष्यातूनच अधिक मिळतात, असे हॉलंडचे अल्बर्ट कूलमन्स आदी संशोधकांनी गणिताने मांडले आहे. आणि तो आक्षेप वजनदार आहे. शिवाय ह्या क्षेत्रात घाईचेही उदाहरण आहे. २०१६ साली स्वीडनमधून पर्च माशांच्या पिलांविषयी एक खळबळजनक निबंध प्रसिद्ध झाला आणि मूळ नोंदी दाखविता न आल्याने तो २०१७ साली मागे घ्यावा लागला. साक्षीदार खरा असला तरी त्याच्या तोंडी खोटे वाक्य घालू नये, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

आता एका भारतीय साक्षीदाराचा परिचय करून देऊन आम्ही हा इतिहास आवरता घेतो. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या, कंपनी सरकारच्या सेवेतील एका वैद्याने गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवर ग्रंथ लिहिला. तो १८२२ साली एडिंबरो येथे प्रसिद्ध झाला. अडीचशेहून अधिक जातींच्या त्या वर्णनात अंगावर निळसर पट्टे असलेला एक बोटाएवढाही नसलेला मासा होता. तोच आजचा झेब्रा मासा. त्याची अंडी काचेसारखी पारदर्शक असतात आणि आतला जीव कसा घडतो ते बाहेरून पाहता येते. म्हणून जॉर्ज स्ट्रायझिंगर यांनी अमेरिकेत त्याला प्रयोगशाळेत आणले आणि १९८१ नंतर तो जगभर पसरला. २०१५ साली कॅनडातील कॅल्गरी येथे ह्या माशाचे भ्रूण बिस्फिनॉल-एच्या पाण्यात ठेवण्यात आले. प्रमाण तेथील एका नदीत आढळते तितकेच अल्प होते. भ्रूणाच्या मेंदूतील हायपोथॅलॅमस ह्या भागात मज्जापेशी वेळेआधीच जन्मू लागल्या. ही वाढ शेकडा १८० होती. नंतर बिस्फिनॉल-एच्या जागी वापरात आलेले बिस्फिनॉल-एस घेतले, तर ती शेकडा २४० निघाली. बाटलीवर ‘बिस्फिनॉल-ए नाही’ अशी चिठ्ठी चिकटविणाऱ्यांनी कित्येकदा चोराला घालवून त्याच्या धाकट्या भावाला पहाऱ्यावर ठेवले होते.

कायद्याने काहीच केले नाही असे नव्हे. पीसीबीचे उत्पादन अमेरिकेत १९७७ साली थांबले. स्टॉकहोमच्या करारान्वये पुढे जगाने त्याला बंदी केली, आणि भारताने २०१६ च्या आदेशाने त्याच्या निर्मितीस व आयातीस मनाई करून वापर बंद करण्यास २०२५ ची अखेर ही मुदत ठरविली. युरोपात नॉनिलफिनॉलच्या वापरावर २००५ पासून कडक निर्बंध आले. तान्ह्या मुलांच्या बाटल्यांतून बिस्फिनॉल-ए युरोपने २०११ साली व भारताच्या मानक ब्यूरोने २०१५ साली हद्दपार केले. अन्नाला स्पर्श करणाऱ्या वस्तूंतून ते काढण्याचा निर्णय युरोपने डिसेंबर २०२४ मध्ये घेतला. १९३६ ते २०२४, म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षे. प्लॅस्टिकविषयी सर्व राष्ट्रांचा करार व्हावा असे २०२२ साली नैरोबीत ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनीव्हा येथे झालेली बैठक मात्र निर्णयाविना उठली, आणि मतभेदाच्या मुद्द्यांत ह्या रसायनांवरील बंधन हाही एक होता.

हा इतिहास वाचताना आम्हांस सर्वांत खटकते ती एक गोष्ट. द्रव्य आधी विकावे आणि त्याचा अपराध सिद्ध करण्याचे काम मागाहून माशांवर सोपवावे, ही रीत शंभर वर्षे चालत आली आहे. औषध विकण्यापूर्वी ते निर्दोष आहे हे विकणाऱ्याने दाखवावे, असा नियम डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉलसारख्या अनुभवांनी दृढ झाला. बाटलीच्या, पिशवीच्या, नळाच्या द्रव्यांना तो नियम आजही पुरतेपणी लागू नाही. येन्सन, कार्पेंटर, सोतो हे तिघेही दुसरेच काही शोधीत होते. योगायोगाने लागलेल्या शोधांवर नद्यांचे रक्षण अवलंबून राहावे, हे कोणत्याही सुव्यवस्थित समाजास शोभणारे नाही.

आमचे बहुतेक वाचक महाराष्ट्राबाहेर, कोणी गंगेच्या, कोणी नर्मदेच्या, कोणी साबरमतीच्या वा मुसीच्या काठी वस्ती करून आहेत. आपल्यापैकी पुष्कळांच्या ताटात मासा नसतो; शेजारच्या बंगाली कुटुंबाचा दिवस त्याविना जात नाही. परंतु हा प्रश्न ताटाचा नाही. ज्या पाण्यात रोहूचे यकृत चोवीस तास भिजते तेच पाणी गाळून आपल्या माठात येते. इंग्लंडला एका नदीतल्या रोच माशांनी जागे केले, कारण तेथे कोणीतरी त्यांचे पोट उघडून पाहिले आणि पाहिलेले लिहून ठेवले. हॅमिल्टनने दोनशे वर्षांपूर्वी गंगेचे मासे एकेक करून मोजले, रेखाटले, नोंदले. त्याच माशांचे रक्त आणि यकृत नदीनदीवर, वर्षानुवर्षे तपासून त्याची नोंद लोकांपुढे उघडी ठेवणे हे आज आपल्या विद्यापीठांचे, मत्स्यखात्यांचे आणि नगरपालिकांचे काम आहे. आणि ते त्यांच्याकडे मागणे हे काठावर राहणाऱ्या आपणा सर्वांचे.